डोस रिओस: नव्याने खुल्या झालेल्या राज्य उद्यानात तीन पिढ्यांची सहल कशी आखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटला राहता, घरात नऊ आणि पाच वर्षांची मुले आहेत, आणि नाशिकहून येणारे आपले सासू-सासरे डिसेंबरपासून पाच महिने आपल्याकडे असतील. मोडेस्टोजवळ खुल्या झालेल्या डोस रिओस राज्य उद्यानात सर्वांनी मिळून एक दिवस चालायला जावे असे आपल्या मनात आहे. केव्हा जावे, किती चालावे, आणि इतक्या लांब जाण्यासारखे तेथे काही आहे का, हे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे नियोजन त्यावर अवलंबून आहे.

जाण्यासारखे निश्चित आहे, मात्र जी अपेक्षा घेऊन लोक सहसा हायकिंगला निघतात ती येथे बाजूला ठेवावी लागेल. आपल्या गावातील मिशन पीकचा माथा २,५१७ फुटांवर आहे आणि त्या चढणीने दमछाक होते. डोस रिओसमध्ये चढणच नाही. हे उद्यान म्हणजे सॅन वाकीन आणि टुऑलमी या दोन नद्यांच्या संगमावरील सुमारे १,६०० एकरांचे सपाट पूरमैदान आहे. १२ जून २०२४ रोजी ते लोकांसाठी खुले झाले, आणि दहा वर्षांहून अधिक काळानंतर कॅलिफोर्नियाला मिळालेले हे पहिलेच नवे राज्य उद्यान आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही जमीन शेती आणि दुग्धव्यवसायाखाली होती. २०१२ मध्ये रिव्हर पार्टनर्स या संस्थेने टुऑलमी रिव्हर ट्रस्टच्या साहाय्याने ती विकत घेतली आणि पुढील दशकभरात तेथे साडेतीन लाखांहून अधिक स्थानिक झाडे-झुडपे लावली. म्हणजे आपण तेथे पाहणार ते पुरातन अरण्य नव्हे, माणसांनी हाताने परत लावलेले आणि अजून वयात न आलेले जंगल आहे. झाडे तरुण आहेत, सावली तुटक आहे, आणि जुन्या उद्यानांत गृहीत धरता येणाऱ्या बऱ्याच सोयी येथे अजून घडत आहेत. हे ठाऊक असलेल्या कुटुंबाला ही जागा फार आवडते. सेक्वोया या महाकाय वृक्षांच्या वनासारखे काही मिळेल या समजुतीने आलेले कुटुंब तासाभरात कंटाळते.

नव्या उद्यानाची आखणी करताना मी नेहमी एक उलटा नियम पाळतो. जुन्या उद्यानात काय आहे हे पाहून बेत ठरवावा. नव्या उद्यानात काय नाही हे धरून बेत ठरवावा. पिण्याचे पाणी नाही असे समजून पाणी न्यावे, सावली नाही असे समजून वेळ निवडावी, दुकान आणि उपाहारगृह नाही असे समजून डबा बांधावा, आणि फाटकावर सर्व माहिती मिळेल या भरवशावर न राहता नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा. यातील एखादी सोय तेथे मिळाली तर तो लाभ समजावा. नवी उद्याने आठवड्यातील मोजक्याच दिवशी आणि मोजक्याच तासांत उघडी असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि हे वेळापत्रक कर्मचारी व ऋतू यांनुसार बदलते. त्यामुळे महिन्यापूर्वी वाचलेल्या वेळा ग्राह्य न धरता, निघण्याच्या आदल्या दिवशी राज्य उद्यान विभागाचे अधिकृत पान पुन्हा पाहावे.

आता मुख्य प्रश्न: केव्हा जावे. मोडेस्टो ज्यात वसले आहे त्या कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील प्रत्येक ऋतूची स्वतःची अडचण आहे, आणि समुद्राजवळच्या हवेत राहणाऱ्या बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या, रहिवाशांच्या ती पटकन लक्षात येत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ मी आपल्यासारख्या कुटुंबासाठी सरळ वगळतो. फ्रीमाँटला पंचवीस अंश सेल्सिअस असताना मोडेस्टोच्या परिसरात पारा सहज अडतीसच्या पुढे जातो, आणि झाडे लहान असल्यामुळे विसावा घेण्याजोगी जागा मोजकीच असते. ऑगस्टनंतर वणव्यांचा धूर खोऱ्यात साचून राहण्याची शक्यता असते. ज्येष्ठांपैकी कोणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर उन्हाचा त्रास त्यांना इतरांपेक्षा लवकर होतो.

डिसेंबर आणि जानेवारीची अडचण वेगळी आहे. पावसानंतर वारा पडला की खोऱ्यात जमिनीलगत दाट धुके धरते, ज्याला तेथे टूली फॉग म्हणतात. ते सकाळी उशिरापर्यंत, कधी कधी दिवसभरही हटत नाही. बे एरियातून खोऱ्यात उतरताना लागणाऱ्या अल्टामाँट खिंडीच्या अलीकडे स्वच्छ ऊन आणि खिंड उतरताच समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होणे, असे घडते. या धुक्यात महामार्गावर एकामागोमाग एक गाड्या आदळून मोठे अपघात झालेले आहेत. मुले आणि वडीलधारी मंडळी गाडीत असताना हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. हवामान खात्याने दाट धुक्याची सूचना दिली असेल तर जाणे पुढे ढकलावे. दहा-अकरा वाजता धुके विरेल या आशेवर लवकर निघू नये.

या दोन्ही टोकांच्या मध्ये, माझ्या मते, आपल्याला सर्वांत योग्य काळ फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा आहे. धुक्याचा जोर तोपर्यंत ओसरलेला असतो, दुपारी चालण्याजोगी उबदार हवा असते, आणि हिवाळ्यासाठी आलेले पक्षी पूर्णपणे परतलेले नसतात. याच दिवसांत मोडेस्टोच्या भोवतालच्या बदामाच्या बागा फुलतात. महामार्ग सोडल्यावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या रांगा लागतात, आणि पायवाटेइतकाच तो रस्ताही आजी-आजोबांच्या लक्षात राहील. बागा खाजगी असतात, म्हणून छायाचित्रासाठी आत शिरू नये. शिवाय परागीभवनासाठी ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्या तेथे असतात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी येणारी प्रेसिडेंट्स डेची लांब सुट्टी मात्र टाळावी, कारण ५८० क्रमांकाच्या महामार्गावर नेहमीच्या वाहतुकीत सिएरा पर्वताकडे बर्फात जाणाऱ्यांची भर पडते.

या काळाचीही एक जोखीम आहे, आणि ती म्हणजे पाणी. हे उद्यान मुद्दामच पुराला जागा देण्यासाठी घडवलेले आहे. पूर्वी शेते वाचवण्यासाठी बांध घालून नदीला जखडले होते. आता जास्तीचे पाणी या मैदानात पसरते, त्यामुळे खालच्या गावांवरील ताण कमी होतो, पाणी जमिनीत मुरते आणि माशांच्या पिलांना उथळ, अन्नयुक्त पाणी मिळते. २०२३ च्या भरपूर पावसाच्या वर्षी ही जमीन खरोखरच पाण्याखाली गेली होती, आणि योजनेच्या दृष्टीने ते यशच होते. पण त्याचा अर्थ असा की ओल्या वर्षी वाटा बंद असू शकतात, आणि त्या बंद असण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. म्हणून दोन तारखा हाताशी ठेवाव्यात, आणि मोठ्या पावसानंतर किमान तीन-चार कोरडे दिवस जाऊ द्यावेत, कारण येथील चिकणमाती बुटांना थराथराने चिकटते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती विशेष नडते. नद्यांची पातळी राज्याच्या जलमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येते. संगमाच्या थोडे खाली सॅन वाकीन नदीवर व्हर्नॅलिस येथे मोजमापाचे ठाणे आहे. तेथील आलेख चढता असेल तर मी जात नाही.

आपले सासू-सासरे नाशिकचे आहेत, तेव्हा हा सारा विषय त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढले यावरून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या माणसांना नदीला पसरायला जागा हवी हे कोणी शिकवण्याची गरज नसते. त्यांनी नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य पाहिले असेल तर अधिकच सोपे. तेही गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या संगमापाशी आहे, तेथेही हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. नातवंडांना माहिती सांगण्याचे काम आजोबांकडे सोपवावे, असे मी सुचवेन. परदेशातील सहलीत ज्येष्ठांना बहुधा सामानासारखे नेले-आणले जाते. येथे त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही असेल.

आता तेथे काय पाहावे याविषयी. अंतर कापणे हा या सहलीचा हेतू ठेवला तर मुले अर्ध्या वाटेत कुरकुर करतील. शोधायला काही दिले तर तीच मुले मोठ्यांच्या पुढे पळतील. उद्यानातील सर्वांत चांगली गोष्ट बऱ्याच पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. सपाट मैदानात अधूनमधून मातीचे उंचवटे केलेले आहेत आणि त्यांवर दाट झुडपे लावलेली आहेत. नदीकाठच्या झुडपांत राहणाऱ्या एका छोट्या सशाच्या उपजातीसाठी ते बांधलेले आहेत. हा ससा येथून उत्तरेला स्टॅनिस्लॉस नदीकाठी, कॅसवेल मेमोरियल राज्य उद्यानात कसाबसा टिकून होता. १९९७ च्या मोठ्या पुराने त्याची तेथील संख्या जवळपास संपवली, आणि २००० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. पूर आला की त्याला चढून बसायला कोरडी, आडोशाची जागा हवी असते आणि नांगरून सपाट केलेल्या शेतात ती कुठेच उरली नव्हती. नऊ वर्षांच्या मुलाला एवढी गोष्ट सांगून उंचवटे शोधायला लावावे. ससा दिसेलच असे नाही, तो भित्रा आहे आणि पहाटे किंवा सांजवेळी बाहेर पडतो, पण उंचवटे जागचे हलत नाहीत.

पक्ष्यांपैकी सँडहिल क्रेन जातीचे क्रौंच साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात खोऱ्यात असतात. उंच, राखाडी, डोक्यावर लाल ठिपका असलेले हे पक्षी आधी कानांना कळतात. त्यांचा घुमणारा, खडखडीत आवाज फार दुरून येतो. दुसरा पक्षी म्हणजे अल्यूशियन जातीचा छोटा हंस. अलास्काजवळच्या बेटांवर फर-व्यापाऱ्यांनी सोडलेल्या कोल्ह्यांमुळे तो नामशेष होण्याच्या बेतात आला होता, १९६७ मध्ये त्याची संकटग्रस्त म्हणून नोंद झाली, आणि कोल्हे हटवल्यावर संख्या इतकी वाढली की २००१ मध्ये त्याला यादीतून काढण्यात आले. त्याचा हिवाळी मुक्काम मुख्यत्वे याच भागात असतो. मार्च लागताच स्वेनसन्स हॉक हा शिकऱ्यांच्या गणगोतातील शिकारी पक्षी दक्षिणेकडील हिवाळी मुक्कामावरून परततो. एक साधी दुर्बीण अवश्य घ्यावी. पाच वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र, स्वस्त दुर्बीण घेतली तर भांडण टळते.

झाडांमध्ये व्हॅली ओक, कॉटनवुड आणि विलो यांची ओळख करून घ्यावी. या मुलुखातील योकट आणि मिवॉक या आदिवासी समाजांचे नदीकाठच्या वनस्पतींशी टोपल्या विणण्यापासून औषधांपर्यंतचे नाते आहे, आणि उद्यानात त्यांच्या उपयोगाच्या वनस्पती लावलेल्या आहेत. त्या तोडण्याची परवानगी पाहुण्यांना नाही. आपल्याकडे येता-जाता पान खुडून हातात चुरगळून वास घेण्याची सवय असते. ती येथे सोडावी, कारण एक तर नियम, आणि दुसरे म्हणजे नदीकाठी पॉयझन ओक असू शकतो, ज्याच्या स्पर्शाने अंगावर दिवसेंदिवस खाजणारे फोड येतात. तीन-तीन पानांचा पुंजका दिसला की हात लांब ठेवावा. हिवाळ्यात त्याची पाने गळलेली असतात, पण नुसत्या काड्याही तितक्याच त्रासदायक असतात.

किती चालावे याचे उत्तर मैलांत देण्यापेक्षा वेळेत देणे मला बरे वाटते. सपाट वाटेवर पाच वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा एकत्र असतील, तर थांबणे धरून तासाला मैल-सव्वा मैल हाच खरा वेग समजावा. एकूण अडीच ते तीन मैल, म्हणजे चार-पाच किलोमीटर, भरपूर झाले. पण ते सलग न चालता दोन तुकड्यांत करावे. सकाळी दीड तास, मग वाहनतळाजवळ डबा, आणि ज्यांना उत्साह असेल त्यांनीच दुपारी आणखी तासभर. परतण्याची वेळ आधीच ठरवावी आणि ती वेळ झाली की जेथे असाल तेथून वळावे. संगमापर्यंत पोहोचायचेच असा हट्ट धरू नये; नवीन उद्यानात कोणत्या वाटा खुल्या आहेत हे बदलत असते, आणि ‘वाट बंद’ अशा फलकापलीकडे पाऊल टाकणे लावलेल्या रोपांसाठी आणि आपल्यासाठीही चांगले नसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढापेक्षा उताराचा त्रास अधिक होतो, त्यामुळे सपाट असणे ही या जागेची मोठी सोय आहे. तरीही काठी आणि घडीचे छोटे स्टूल बरोबर असावे, कारण बसायला बाक दर थोड्या अंतरावर असतीलच असे नाही.

पादत्राणांवर मी थोडा अडून बसतो. भारतातून आलेली ज्येष्ठ मंडळी सॅन्डल किंवा नुसत्या चपलांवर निघतात आणि मातीच्या वाटेवर पाय मुरगळतो. नवे बूट आणले असतील तर आधी दोन आठवडे घराजवळच्या फेरफटक्यात वापरून पाहावेत. पूर्ण लांबीची विजार, मोजे, टोपी, आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट एवढे कपडे पुरतात. साडी नेसणाऱ्या आजींनी गवतातील वाट टाळून मधल्या रुंद वाटेने चालावे. घरी परतल्यावर मुलांचे गुडघ्यांमागचे आणि कानांमागचे भाग गोचिडीसाठी तपासावेत. ऊन वाढले की खडखड्या साप बाहेर येतो, म्हणून दिसत नाही तेथे हात-पाय घालू नयेत. एवढी काळजी पुरेशी आहे. फार वारा सुटून धूळ उडत असेल तर त्या दिवशी बेत रद्द करावा. खोऱ्याच्या मातीतील बुरशीमुळे व्हॅली फीव्हर हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि वयस्कर तसेच मधुमेही व्यक्तींनी त्या धुळीपासून दूर राहिलेले बरे.

नदीत उतरण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. वरून शांत दिसणारे हे पाणी सिएरातील बर्फाचे असते, आतून ओढ असते आणि बुडालेल्या फांद्यांत पाय अडकतो. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागल्यावर तर ते आणखी फसवे असते.

डब्याविषयी आपल्याला मी काय सांगावे! दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या या प्रवासाला वर्षानुवर्षे टिकलेल्या गोष्टी आहेत. फक्त संत्र्यांच्या साली आणि खजुराच्या बियासुद्धा पिशवीत भरून परत आणाव्यात, आणि पक्ष्यांना काही घालू नये. माणशी दीड ते दोन लिटर पाणी घ्यावे. मधुमेह असलेल्यांची औषधे, साखरेच्या गोळ्या आणि प्रवासी आरोग्य विम्याचे कार्ड हे गाडीत न ठेवता सोबतच्या पिशवीत असावे.

प्रवेशशुल्कासाठी आपल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. कॅलिफोर्निया राज्य ग्रंथालयाच्या योजनेतून वाचनालये राज्य उद्यानांचा वाहन-पास पुस्तकासारखा घरी नेण्यास देतात. मागणी असते, म्हणून आधी नाव नोंदवावे. आपले मोठे मूल चौथीत असेल तर निवडक राज्य उद्यानांत मोफत प्रवेश देणारा स्वतंत्र पासही आहे. घरी कुत्रा असेल तर त्याला आणू नये, राज्य उद्यानांच्या पायवाटांवर कुत्र्यांना साधारणतः परवानगी नसते.

जाण्याचा मार्ग ६८० वरून ५८०, अल्टामाँट खिंड, आणि पुढे १३२ क्रमांकाचा रस्ता असा आहे. शनिवारी सकाळी दीड तास धरावा. ट्रेसीला थांबून सर्वांनी प्रसाधनगृह वापरावे आणि विजेची गाडी असेल तर तेथेच चार्ज करावी. शेवटच्या काही मैलांत शायलो रोडच्या आसपास शेते, गोठे आणि खाजगी फाटके आहेत. नव्या उद्यानांच्या बाबतीत फोनवरील नकाशा कधी कधी चुकीच्या फाटकावर नेऊन सोडतो, म्हणून उद्यानाच्या पानावरील पत्ताच टाकावा आणि शेताच्या कच्च्या रस्त्यावर वळू नये.

वाटा बंद निघाल्या तर दिवस वाया जाऊ नये यासाठी दोन पर्याय लिहून ठेवावेत. पहिला म्हणजे १३२ वरच लागणारे सॅन वाकीन नदी राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान. तेथे पेलिकन नेचर ट्रेल ही सुमारे चार मैलांची सपाट वाट आहे, आणि बेकविथ रोडवरील निरीक्षण-मंचावरून गाडीपासून फारसे न चालताही हंस आणि क्रौंच दिसू शकतात. ज्या आजींना चालायचे नाही त्यांच्यासाठी ही जागा मला डोस रिओसपेक्षाही सोयीची वाटते. दुसरा पर्याय रिपनजवळचे कॅसवेल. ते २५८ एकरांचे छोटे उद्यान आहे, पण तेथे जुन्या व्हॅली ओकची खरी राई शिल्लक आहे. वेळ असेल तर एकाच दिवशी दोन्ही पाहावीत: सकाळी नवे लावलेले जंगल, दुपारी ते मोठे झाल्यावर कसे दिसू शकेल याचा नमुना. मात्र नद्यांना पूर असेल तर कॅसवेलही बंद असू शकते, तेव्हा त्याचेही पान आदल्या दिवशी पाहावे.

परतीसाठी अडीच-तीनच्या सुमारास निघावे. मोसम कोणताही असो, रविवारी दुपारी उशिरा ५८० वर बे एरियाकडे येणारी वाहतूक तुंबते, आणि फेब्रुवारीत अल्टामाँटच्या चढावर मावळतीचा सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांवर येतो. शनिवार मिळत असेल तर शनिवारच निवडावा.